बंदी उठली, परवाना मात्र पोहोचला नाही : केनियातील चांगआचे प्रकरण

केनियाच्या संसदेने २०१० साली मद्यपेय नियंत्रण कायदा संमत केला आणि ‘चांगआ’ या गावठी मद्यावरची तीस वर्षांची बंदी उठवली. १९८० च्या चांगआ प्रतिबंधक कायद्याने हे मद्य गाळणे, बाळगणे आणि विकणे हा गुन्हा ठरवला होता. नव्या कायद्याने ती तरतूद रद्द केली आणि परवाना काढून, मानकांनुसार तपासून, बाटलीत भरून, आरोग्याचा इशारा छापून चांगआ विकता येईल असे ठरवले. लोक जे चोरून पितात ते उघड्यावर आणावे, त्याची तपासणी व्हावी आणि विषारी दारूने माणसे मरायची थांबावीत, हा त्यामागचा हेतू सरळ आणि प्रामाणिक होता. २२ नोव्हेंबर २०१० रोजी कायदा अमलात आला. त्यानंतर चार वर्षे उलटायच्या आत, मे २०१४ मध्ये, एम्बू, कियाम्बू आणि आसपासच्या काउंटींमध्ये (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागांत) विषारी मद्याने ८० हून अधिक माणसे दगावली. फेब्रुवारी २०२४ मध्ये किरिन्यागा काउंटीतील कांगाई गावात आणखी किमान १७ जण गेले. बंदी होती तेव्हा माणसे मरत होती हे समजण्यासारखे आहे. बंदी उठल्यावरही ती का मरत राहिली, हा या प्रकरणाचा मुख्य प्रश्न आहे.

पेय आणि ते गाळणाऱ्या

चांगआ या शब्दातला ‘ग’ स्पष्ट उच्चारायचा नसतो, तो नाकातच विरतो. हे पेय गाळण्याची रीत आपल्याकडच्या हातभट्टीपेक्षा फार वेगळी नाही. मक्याचे पीठ पाण्यात भिजवून आंबवतात, त्यात मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे पीठ मिसळतात, कारण मोडांतील विकरांमुळे (एन्झाइमांमुळे) पिठातल्या स्टार्चची साखर होते. (नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली, तिथूनच ती फार प्राचीन काळी आपल्या सह्याद्रीत आली.) अलीकडे, विशेषतः शहरांत, पिठाऐवजी उसाची मळी किंवा गूळ वापरतात, कारण त्याने आंबवण लवकर तयार होते. या गुळाला स्वाहिलीत ‘सुकारी गुरू’ म्हणतात आणि तो शब्द ऐकताच आपला गूळ आठवतो. किसुमूजवळ किबोस परिसरात वसाहतकाळात भारतीय शेतकरी स्थायिक झाले, त्यांनी ऊस लावला, गुऱ्हाळे घातली. १९२२ मध्ये तिथल्याच मिवानी येथे साखर कारखाना उभा राहिला. महाराष्ट्रातल्या हातभट्टीला काळा गूळ आणि नवसागर लागतो, पश्चिम केनियातल्या भट्टीला सुकारी गुरू लागतो. कच्च्या मालाचे हे साम्य केवळ योगायोगाचे नाही.

आंबवण तयार झाले की ते मडक्यात, आणि शहरात बहुधा २०० लिटरच्या लोखंडी पिंपात, चुलीवर चढवतात. मडक्याच्या तोंडावर थंड पाण्याचे भांडे ठेवून त्याच्या बुडाला जमणारे थेंब आतल्या वाडग्यात धरायचे, ही जुनी रीत. पिंपाला नळी जोडून ती वाहत्या पाण्यातून न्यायची, ही नवी. नैरोबीच्या माथारे वस्तीत नदीच्या काठाने अशा भट्ट्या ओळीने धुमसत असतात. नदीचे पाणी काळे असते, पण वाफ थंड करायला ते फुकट मिळते. वाफेचे पहिले थेंब तीव्र वासाचे आणि जळजळीत असतात, पुढे धार सौम्य होते; अनुभवी हात धार कुठे थांबवायची हे चवीवरून आणि काडीने पेटवून ज्योत पाहून ठरवतो.

हे हात बहुतेक बायकांचे असतात. विकणाऱ्या बाईला नैरोबीत ‘मामा पिमा’ म्हणतात. ‘पिमा’ म्हणजे मापणे; म्हणजे माप भरून देणारी आई. मुलांची शाळेची फी, खोलीचे भाडे आणि घरातले पीठ त्या पेल्यातून निघते. चांगआविषयीच्या धोरणात मामा पिमा कुठे बसते हे पाहिल्याशिवाय या कायद्याचे यशापयश मोजता येत नाही, असे माझे मत आहे.

ऊर्ध्वपातनाची, म्हणजे मद्य गाळण्याची, विद्या नैरोबीत आली ती प्रामुख्याने किबेरा या वस्तीमधून. ब्रिटिशांच्या किंग्ज आफ्रिकन रायफल्स या पलटणीतील सुदानी सैनिकांना, ज्यांना पुढे नुबी म्हटले गेले, विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे वसवण्यात आले. निवृत्त सैनिकांच्या घरांत गाळली जाणारी ‘नुबियन जिन’ दोन महायुद्धांच्या दरम्यान नैरोबीभर प्रसिद्ध होती. सुदानात या मद्याला ‘अरगी’ म्हणतात, शेजारच्या युगांडातील ‘वारागी’ हे नावही त्याच अरबी शब्दाशी जोडले जाते, आणि मराठीत आपण औषधी द्रवासाठी वापरतो तो ‘अर्क’ही त्याच घराण्यातला.

वसाहत सरकारने आफ्रिकी माणसाला गाळलेले मद्य पिण्यास मनाई केली होती आणि त्याच वेळी नैरोबीच्या नगरपालिकेने १९२२ पासून पुमवानी येथे स्वतःची बिअरशाळा चालवून तिच्या नफ्यावर ‘नेटिव्ह’ वस्त्यांचा खर्च भागवला. मद्य वाईट आणि सरकारी मद्य चालेल, ही धोरणातली दुफळी स्वातंत्र्यानंतरही गेली नाही.

विष कुठून येते

या प्रकरणात सर्वांत जास्त गैरसमज विषाविषयी आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

गावठी दारू पिऊन माणसे मेली की वर्तमानपत्रांत सहसा असा सूर लागतो की अडाणी हातांनी, चुकीच्या रीतीने गाळल्यामुळे दारूचे विष झाले. रसायनशास्त्र असे सांगत नाही. माणसे मारते ते मिथेनॉल. मिथेनॉल आंबवणात तयार होते ते मुख्यतः फळांतल्या पेक्टिनपासून, आणि मक्याच्या किंवा नाचणीच्या पिठात किंवा गुळात पेक्टिन नगण्य असते. त्यामुळे धान्याची किंवा गुळाची दारू कितीही ओबडधोबड भांड्यात गाळली, तरी एकाच संध्याकाळी शेकडो माणसांना आंधळे करील इतके मिथेनॉल तिच्यात येत नाही. तशा दारूचे इतर धोके असतात, गंजलेल्या पिंपातले धातू, घाण पाणी, न मोजलेली तीव्रता. परंतु सामूहिक मृत्यू ज्या मिथेनॉलने होतात ते कारखान्यात तयार झालेले, रंग आणि द्रावकांच्या व्यवसायासाठी आणलेले असते आणि कोणीतरी ते पिंपात ओतलेले असते. पिण्याच्या मद्यार्कावर उत्पादन शुल्क असते, औद्योगिक मिथेनॉलवर तसे नसते. दोन्हींचा वास आणि चव इतकी जवळची की पिणाऱ्याला फरक कळत नाही. विक्रेत्यालाही कित्येकदा कळत नाही, कारण भेसळ तिच्या आधीच्या टप्प्यावर झालेली असते.

शरीरात काय घडते तेही सांगायला हवे. यकृतातील जे विकर साध्या मद्यार्कावर काम करते, तेच मिथेनॉलवरही करते आणि त्यातून आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल बनते. हे आम्ल डोळ्याच्या मज्जातंतूला घातक असते. पिणाऱ्याला त्या रात्री फक्त नशा चढते. त्रास सुरू होतो तो बहुधा १२ ते २४ तासांनी, आणि सोबत साधे मद्य प्यालेले असेल तर आणखी उशिरा. पोटात कळा येतात, श्वास जलद होतो, आणि मग दिसणे बिघडते. रोगी सांगतो की समोर सगळीकडे बर्फ पसरल्यासारखे पांढरे दिसते आहे. सुमारे १० मिलिलिटर शुद्ध मिथेनॉल दृष्टी घालवू शकते आणि ३० मिलिलिटर जीव घेऊ शकते; म्हणजे दोन चमचे आणि सहा चमचे. उतारा म्हणून फोमेपिझोल हे महागडे औषध किंवा, ते नसेल तर, चक्क साधा मद्यार्क नियंत्रित प्रमाणात देतात, कारण तो त्या विकराला गुंतवून ठेवतो आणि मिथेनॉलचे आम्ल होणे लांबते. तेवढ्यात डायलिसिसने विष बाहेर काढायचे. वस्तीतला माणूस इतक्या वेळेत डायलिसिसपर्यंत पोहोचला तर ते त्याचे नशीब.

नोव्हेंबर २००० मध्ये नैरोबीच्या मुकुरू वस्त्यांत हेच घडले. ‘कुमी कुमी’ नावाने विकल्या जाणाऱ्या दारूत मिथेनॉल होते. कुमी म्हणजे दहा. दहा शिलिंगांना पेला, म्हणून कुमी कुमी. सुमारे १४० माणसे मेली, शेकडो रुग्ण केन्याटा राष्ट्रीय रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांपैकी कित्येकांची दृष्टी कायमची गेली. जून २००५ मध्ये माचाकोस भागात सुमारे ५० जण गेले. मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत १०० हून अधिक माणसे याच मिथेनॉलने गेली, आणि तिथेही मिथेनॉल बाहेरून आलेले होते.

असे असताना १९८० ते २०१० ही तीस वर्षे केनियातील कारवाईचा रोख भट्टीवर राहिला. पोलीस येत, पिंपे उलटी करत, आंबवण नदीत ओतत आणि बाईला पकडून नेत. ती दंड किंवा लाच देऊन परतत असे आणि झालेला तोटा भरून काढायला पुढची खेप घाईने गाळत असे. मिथेनॉलचे पिंप ज्या वाटेने येत होते, त्या वाटेवर इतकी नजर कधीच नव्हती. वसुलीसाठी मात्र पोलीस एकटे नव्हते. नोव्हेंबर २००६ मध्ये माथारेत मुंगिकी या टोळीने चांगआ गाळणाऱ्यांवरची खंडणी वाढवली, तेव्हा विरोधी टोळीशी तिचा संघर्ष पेटला, घरे जळाली, माणसे मेली आणि हजारो लोकांनी वस्ती सोडली. ज्या धंद्याला सरकारच्या लेखी अस्तित्व नव्हते, त्याच्यावर कर बसवणारे असे दोघे होते.

२०१० चा कायदा कोणासाठी बेतला होता

नैवाशाचे खासदार जॉन मुतुथो यांनी हे विधेयक नेटाने पुढे नेले, म्हणून लोक त्याला ‘मुतुथो कायदा’ म्हणतात. बंदीने काहीच साधत नाही हे त्यांनी ओळखले, हे त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही. कायद्याने सॅशेवर, म्हणजे मद्याच्या छोट्या पाकिटांवर, बंदी घातली, गाळलेले मद्य २५० मिलिलिटरपेक्षा लहान पॅकिंगमध्ये विकायला मनाई केली, विक्रीची वेळ आठवड्याच्या कामाच्या दिवशी संध्याकाळी ५ ते रात्री ११ अशी ठरवली आणि शाळांपासून ३०० मीटरच्या आत दुकान नको असे म्हटले. शालेय मुलांच्या हाती स्वस्त सॅशे पडत होती, हे ध्यानात घेतले तर या तरतुदींना दोष देता येत नाही.

परंतु या तरतुदी मामा पिमाच्या अंगणात उभे राहून वाचाव्यात. तिचे गिऱ्हाईक पेल्याने पिते आणि पेल्याचे पैसे देते. २५० मिलिलिटरची बाटली एकदम घेण्याइतके पैसे त्याच्या खिशात रोज नसतात. बाटली, बूच, लेबल आणि प्रमाणन यांचा खर्च एका पिंपाच्या मालावर बसवला की तो माल कारखान्याच्या मद्यापेक्षा महाग पडतो. परवान्यासाठी जागा दाखवावी लागते, आणि तिची खोली ज्या जमिनीवर उभी आहे तिचा कागद तिच्याच काय, तिच्या घरमालकाच्याही नावावर नसतो. माथारेसारख्या दाट वस्तीत शाळेपासून ३०० मीटर दूर असलेली जागा शोधणे तर जवळजवळ अशक्य. चांगआ बाटलीत भरायला कायद्याने परवानगी दिली, पण ज्या हातांनी ते आजवर गाळले त्या हातांना परवान्याच्या खिडकीपर्यंत जायची वाट ठेवली नाही.

त्या मोकळ्या जागेत दुसरेच लोक आले. कारखान्यातला तटस्थ, म्हणजे स्वतःची चव-वास नसलेला, मद्यार्क विकत घ्यायचा, त्यात पाणी, रंग आणि स्वाद मिसळायचा आणि झगमगीत नाव छापून स्वस्तात विकायचे, असे छोटे उद्योग झपाट्याने वाढले. केनियात त्यांना ‘दुसऱ्या पिढीचे मद्य’ म्हणू लागले. त्यांना जागेचा कागद, बाटली आणि लेबल यांची अडचण नव्हती. मे २०१४ मध्ये ज्या मद्याने माणसे मेली, त्यात नाव छापलेल्या बाटल्याही होत्या, म्हणजे ज्या बाटलीने सुरक्षितता येईल असे कायद्याने गृहीत धरले होते तीच विषाची वाहक झाली. जुलै २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा यांनी मध्य केनियातील नेत्यांना दुसऱ्या पिढीच्या मद्याविरुद्ध मोहीम उघडण्याचे आवाहन केले. लोकप्रतिनिधी जमाव घेऊन गोदामांवर गेले, बाटल्या रस्त्यावर फोडल्या गेल्या. नदीकाठच्या भट्ट्याही त्याच लाटेत उलटल्या. मधल्या काळात २०१० च्या नव्या राज्यघटनेने मद्यपरवाने देण्याचा अधिकार काउंटींकडे सोपवला होता. ४७ काउंटींनी आपापले नियम केले आणि मामा पिमाने नेमके कोणाकडे जावे हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला.

दुसरा प्रयोग : स्वस्त बिअर

याच काळात दुसऱ्या बाजूने एक प्रयोग चालला होता. ईस्ट आफ्रिकन ब्रुअरीज या मोठ्या कंपनीने २००४ मध्ये ‘सिनेटर’ नावाची बिअर पिंपातून, पेल्याच्या भावाने विकायला काढली, आणि चांगआला पर्याय म्हणून सरकारने तिला उत्पादन शुल्कात सवलत दिली. पुढे ती ज्वारीपासून होऊ लागली, त्यामुळे कोरडवाहू शेतकऱ्यांना खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले. पेय स्वच्छ होते, सौम्य होते आणि गरिबाच्या खिशाला परवडणारे होते, त्यामुळे त्याचा खप प्रचंड वाढला. २०१३ मध्ये महसुलाची गरज भासल्याने सरकारने सवलत निम्म्यावर आणली. पेल्याची किंमत वाढली आणि खप तीन चतुर्थांशांहून अधिक घसरला. हे गिऱ्हाईक पिणे सोडून घरी गेले नाही. ते पुन्हा भट्टीकडे आणि दुसऱ्या पिढीच्या बाटलीकडे वळले. २०१३ ची करवाढ आणि २०१४ चे मृत्यू यांचा थेट कार्यकारणभाव एवढ्यावरून सिद्ध होत नाही, पण धोरण आखणाऱ्याने हे दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवेत. २०१५ मध्ये सवलत पुन्हा ९० टक्क्यांवर नेण्यात आली.

या प्रयोगाने एवढे दाखवले की पेल्याच्या भावात सुरक्षित पेय मिळाले तर गिऱ्हाईक वळते. त्याची मर्यादाही उघड आहे: ज्या बाईचा चरितार्थ भट्टीवर होता, तिला त्यात काही मिळाले नाही. गिऱ्हाईक कंपनीकडे गेले आणि मामा पिमा आणखी स्वस्त माल शोधू लागली, म्हणजे भेसळ करणाऱ्याच्या आणखी जवळ गेली.

गोव्याच्या भट्टीशी तुलना

याच अडचणीतून वेगळी वाट काढलेली उदाहरणे आहेत आणि मराठी वाचकाला त्यांतले एक घरचेच आहे. गोव्यात काजूची बोंडे तुडवून काढलेला रस आंबवतात, ‘भाण’ नावाच्या भांड्यात तापवतात, नळीने वाफ ‘लावणी’ नावाच्या घड्यात उतरवतात. पहिल्या गाळणीचा उराक, त्यापुढची फेणी. भट्टी लहान असते, हंगामी असते, कुळागराच्या कडेला असते आणि तिला अबकारी खात्याचा परवाना असतो. म्हणजे परवाना भट्टीच्या मापाचा आहे. कारखाना उभारल्याशिवाय तो मिळत नाही असे नाही. २००९ मध्ये काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. काजूच्या बोंडात पेक्टिन असते, म्हणजे मक्यापेक्षा मिथेनॉल तयार व्हायला तिथे जास्त वाव आहे, तरीही पिढ्यान्‌पिढ्या लहान भट्ट्यांवर फेणी गाळली जाते आणि तिने गावेच्या गावे आंधळी झाल्याचे ऐकिवात नाही. भट्टी कोणाची आहे हे गावाला ठाऊक असते, खात्याच्या दप्तरी तिची नोंद असते आणि गाळणाऱ्याला उद्याही त्याच गावात विकायचे असते.

गोव्याची रीत उचलून माथारेत नेता येणार नाही, हे मान्य. फेणीच्या मागे शेतजमीन आहे, माथारेच्या बाईमागे ती नाही. फेणीला पर्यटकाचे गिऱ्हाईक आहे, चांगआला रोजंदारीवरच्या मजुराचे. परंतु सहकारी पद्धतीने एका वस्तीतल्या वीस-पंचवीस बायकांना मिळून एक परवाना, एक तपासणीची जागा आणि पेल्याने विकण्याची मुभा देणे केनियाच्या कायद्याला अशक्य नव्हते. दर आठवड्याला प्रत्येक पिंपातला नमुना प्रयोगशाळेत गेला असता, तर बाहेरून ओतलेले मिथेनॉल पेल्यात पडण्याआधी सापडण्याची संधी होती. असा विचार २०१० च्या कायद्यात कुठेही दिसत नाही.

किरिन्यागा, २०२४

६ फेब्रुवारी २०२४ च्या सुमारास कांगाई गावातल्या एका बारमध्ये लोक दारू प्याले, दुसऱ्या दिवसापासून त्यांना दिसेनासे होऊ लागले आणि माणसे एकामागून एक दगावली. तपासात जे पुढे आले ते या साऱ्या प्रकरणातले सर्वांत अस्वस्थ करणारे आहे. हे मद्य आधीच्या छाप्यात जप्त होऊन पोलीस ठाण्यात मुद्देमाल म्हणून ठेवलेले होते, आणि तिथून ते बाहेर पडून पुन्हा विक्रीला आले, असे समोर आले. विषारी माल शोधून काढला होता, जप्तही केला होता. तो नष्ट केला असता तर ती १७ माणसे त्या आठवड्यात आपापल्या मळ्यांत कामावर असती.

पुढच्या महिन्यात गृहमंत्री किथुरे किंदिकी यांनी कठोर उपाय जाहीर केले. दुसऱ्या पिढीच्या सर्व मद्य उत्पादकांचे आणि गाळणाऱ्या कारखान्यांचे परवाने स्थगित झाले आणि त्यांना नव्याने पडताळणीसाठी अर्ज करण्यास सांगण्यात आले. मामा पिमाकडे स्थगित करण्यासारखा परवाना २०१० मध्येही नव्हता आणि २०२४ मध्येही नव्हता.